पप्पांचं काउंटर

"यात माझं नाव कुठाय?"

सुमेधाचा हात माउसवरच थांबला. पप्पा कधी मागे येऊन उभे राहिले, तिला कळलंच नव्हतं. स्क्रीनवर रंगीत पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली दुकानातल्या एकेकाचं नाव. ज्याची विक्री जास्त, त्याची पट्टी उंच. सगळ्यात उंच प्रितीची, तिच्या शेजारी प्रफुल्लदादांची. राजाराम तांबे, ज्यांच्या आडनावाची पाटी दुकानावर होती, ते मात्र कुठेच नव्हते.

"मालकाचं नाव येत नाही त्यात, पप्पा."

"असं होय," ते म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.

लालबागच्या बाजारात दुपारची सुस्ती होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. प्रफुल्लदादा जेवायला गेले होते. प्रिती पोटमाळ्यावर माल लावत होती.

खरं तर नावं सगळ्यांचीच येत होती. पप्पांचं तेवढं सुमेधाने काढून टाकलं होतं.

ती आधी लोअर परळला कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत हेच काम करायची. कुठल्या शहरात कुठला शर्ट खपतो, कुठला पडून राहतो, ते आकड्यांतून शोधायचं. इकडे मॉलवाल्यांनी शाळेचे युनिफॉर्म ठेवायला सुरुवात केली आणि तांबे ड्रेसेसचा धंदा उतरणीला लागला. तेव्हा ती नोकरी सोडून दुकानात आली आणि तिने बिलाचं नवीन सॉफ्टवेअर बसवलं.

बसवलं म्हणजे काय, वर्षभर डोकंफोड केली. प्रफुल्लदादा गडबडीत दुसऱ्याच कपड्याच्या कोडवर बिल करायचे. मुलांची हाफ पँट मुलींच्या पिनाफोरच्या खात्यात जायची. मग बंद पडलेल्या शाळेचे पिनाफोर मागवा, असं कॉम्प्युटर सांगायचा. "ताई, याला काय अक्कल नाय," असं म्हणून प्रफुल्लदादा हसायचे. सुमेधा एकेक बिल काढून दुरुस्त करत बसायची. चुकीचं भरलं तर चुकीचंच दिसणार, हे सगळ्यांना पटायला फार वेळ गेला.

पण पटलं. पोटमाळ्यावरचा वर्षानुवर्षांचा पडीक माल निघून गेला. गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना, एकाही आईला साइज नाही म्हणून परत जावं लागलं नाही. दुकान वाचलं. मग दिवाळीत, तेच आकडे चाळताना, तिला आणखी एक गोष्ट दिसली. पप्पांच्या काउंटरवर विक्री जवळजवळ होतच नव्हती.

तिने पुन्हा पुन्हा तपासलं. चूक नव्हती. पप्पांची जुनी गिऱ्हाइकं विरार-बदलापूरला राहायला गेली होती. जी थोडी उरली होती, ती बोलायला यायची. नव्या आया मोबाइलवर शाळेचा फोटो दाखवत थेट प्रितीकडे वळायच्या. आणि पप्पा सकाळी शटर उघडल्यापासून दारासमोरच्या काउंटरमागे उभे. कुणी स्टूल पुढे केलं तर त्यावर खोकी रचायचे. ताप असला तरी उभे, सणवार असला तरी उभे. आई गेली, त्याच आठवड्यात ते काउंटरवर परत आले होते.

अशा माणसाला काय सांगायचं? कंपनीत एखाद्या विक्रेत्याचा असा आकडा दिसला की त्याला लाल रंग द्यायचा आणि पुढे जायचं. लाल झालेल्या माणसाचं नंतर काय झालं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. इथे तिने नावापुढची एक खूण काढली आणि पप्पांची पट्टी नाहीशी झाली. वर, दुकान बंद करताना ती त्यांना म्हणायची, "आज तुम्ही होतात म्हणून निभावलं, पप्पा." पप्पा नुसती मान हलवायचे. एक खरं दुकान आणि एक पप्पांना दाखवायचं दुकान, अशी दोन दुकानं चालवून ती थकून गेली होती.

"खरं ते दाखव, सुमे," पप्पा म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. नवीन काही रचून सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने खूण परत लावली. पट्ट्या जरा सरकल्या आणि शेवटी 'राजाराम' उमटलं. त्याच्यावर पट्टी कसली, नुसती रेघ होती.

पप्पांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

"ह्या महिन्याचं आहे?"

"नाही पप्पा. दिवाळीपासून असंच आहे. तुम्हाला लागेल मनाला, म्हणून..."

"म्हणजे मी नसतो, तरी एवढं सगळं झालं असतं?"

या प्रश्नाची तिने कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी खोटी होती.

"हो," ती म्हणाली.

काउंटरची कड धरत धरत पप्पा बाहेर आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर टेकले. दुकानात बसलेले पप्पा तिने कधी पाहिले नव्हते. त्यांनी पँट जरा वर ओढली. घोटे सुजून टम्म झाले होते. मोज्याचे वळ कातडीत खोल रुतले होते.

"मी बसलो तर धंदा बसेल, असं वाटायचं मला," घोटा चोळत ते म्हणाले. "दिवाळीपासून ठाऊक होतं, तर तेव्हाच सांगायचं ना गं."