आउटगोइंग बंद

नोकरीला होकार कळवायची मुदत काल संपली, तरी अनुपमाचा मेल काही गेला नाही. मोबाइलवर नेट नव्हतं. घरात वायफाय असताना रिचार्ज कशाला, असं तिचा नवरा इंद्रजीत म्हणायचा. चार दिवस तोच बिचारा राऊटर बंद-चालू करत बसला होता. आज तो यवतला गेल्यावर तिने मेकॅनिक बोलावला.

"वहिनी, बिघाड न्हाईच. येणारे मेल चालू हायेत. जाणारे कुणीतरी राऊटरमधनं मुद्दाम बंद केलेत, आन् वर पासवर्ड टाकलाय."



चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

"मी म्हायेरी धाडलेली पत्रं बी पोचत नव्हती गं," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे वारले, तवा त्यांच्या ट्रंकंत घावली. समदी. तिकिटं लावलेली."