डब्यातला शिक्का

जपानातल्या सुवा तळ्याकाठच्या आमच्या कारखान्यात टीव्हीच्या पातळ पडद्यांची काच घडवणारी यंत्रं बनायची. काच ज्या दगडी पाटावर टेकायची, त्यावर बोट फिरवून मी तपासणीच्या कागदावर सहीऐवजी माझ्या नावाचा शिक्का मारायचे; त्याशिवाय यंत्र बाहेर जायचं नाही. त्या दिवशी बोटाला फुगवटा लागला. “मीटर सपाट सांगतंय, ओगुचीबाई. ट्रक उभाय, मारा शिक्का!” आमचे विभागप्रमुख हिराबायाशीसाहेब खेकसले. “मीटर काल आलंय, साहेब. हे बोट बावीस वर्षं दगड तपासतंय. इथं काच तडकेल.” “मग आणा इकडे, मीच मारतो!” मी शिक्का जेवणाच्या डब्यात, भातावरच्या खारवलेल्या आलुबुखाऱ्याशेजारी खुपसला आणि झाकण लावलं. बाईच्या डब्यात हात घालायची त्यांची हिंमत झाली नाही. “उद्यापासून येऊ नका!” “येणार. फुगवटा कोण घासणार, तुमचं मीटर?” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ट्रक रिकामा गेला. त्या शिक्क्याला अजून आंबट वास येतो.