रंगाला रंग

झाकण उघडलं आणि मुलगी नुसती बघतच राहिली.

पेटीत मासे होते, बेडूक होते, गांडुळं होती. सगळी मऊ प्लास्टिकची, गळाला लावून खऱ्या माशांना फसवायची. आणि सगळी एकमेकांना चिकटून बसली होती. एका खणात लाल लगदा, दुसऱ्यात हिरवा. एका बेडकाचे पाय तर शेजारच्या गांडुळाच्या पोटात शिरले होते.

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन शिंपी उभा होता. ओठाशी नेलेला कप त्याने तसाच खाली घेतला.

शिंपी म्हणजे तिच्या आईचा नवा नवरा. लग्न झालं, तिघं या नव्या घरात राहायला आली, पण मुलगी अजून त्याला काहीच म्हणत नव्हती. काका नाही, बाबा तर नाहीच नाही. ‘चहा झालाय’ हे ती फ्रिजकडे बघून सांगायची, आणि फ्रिजच्या वतीने शिंपी चहा प्यायचा. पेटी तिच्या वारलेल्या बाबांची. तिला ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

“उन्हानं झालं असेल,” ती स्वतःशीच पुटपुटली. “खिडकीत ठेवायलाच नको होती.”

घ्या! सुटकेचा रस्ता आयता समोर आला होता. ‘हो ना, ऊन काय मरणाचं आहे,’ एवढं म्हटलं की शिंपी सुटला असता. त्याने त्यासाठी तोंड उघडलंसुद्धा.

“मी केलं,” तो म्हणाला.

मुलीने मान वर केली.

“सामान हलवताना माझ्या हातून पेटी पडली. सगळं सांडलं. मग मी परत लावून ठेवलं.”

“कसं लावलं?”

“रंगाला रंग.”

त्याच्या दुकानात बटणं तशीच लावलेली असायची. लालाशी लाल, हिरव्याशी हिरवं, डोळे मिटून हात घातला तरी हवं ते हाताला यावं. पेटी लावून झाल्यावर त्याने स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली होती.

“ही काय बटणं आहेत?” मुलगी ओरडली. “ह्यांचं प्लास्टिक वेगवेगळं असतं! भलतं भलत्याशेजारी ठेवलं की एकमेकांना वितळवतात! बाबा प्रत्येक प्रकार वेगळ्या खणात ठेवायचे. तुम्हाला कळत नाही तर विचारायचं ना!”

तुम्हाला, म्हणाली ती. फ्रिजला नाही. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि त्यातच कुठेतरी बरंही वाटत होतं. माणसाचं काही खरं नाही बघा.

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

ती लाल लगदा नखाने टोकरू लागली.

शिंप्याने कप ठेवला, टाके उसवायची बारीक सुई आणली आणि तिच्यासमोर बसला. कापडाला इजा न होता टाका काढायचा, हे त्याचं रोजचं काम. बेडकाचा पाय हळूच सुटला. मग दुसरा.

“शेपटी ओढू नका.”

“नाही गं ओढत.”

थोड्या वेळाने तिनेही हात घातला. बरेचसे सुटले. एक लाल मासा मात्र अर्धा विरघळलाच होता.

“हा बाबांचा लाडका,” ती म्हणाली.

शिंप्याने तो उलटापालटा करून पाहिला. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. “हा नाही सुटायचा,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

तिने मनगटाने डोळे पुसले, आणि तो मासा फेकून न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग उठून पातेल्यात पाणी तापवलं. दबून वाकड्या झालेल्या शेपट्यांचे मासे एकेक करून चिमट्याने त्यात बुडवले. “बघा आता.”

वाकडी शेपटी कढत पाण्यात सावकाश सरळ झाली.

“अगं, ही तर इस्त्रीच की!”

तिला हसू फुटलं. आवरायला गेली, पण जमलं नाही.

मासे पुसून, कुठलं प्लास्टिक ते ताणून ओळखत, प्रकाराप्रमाणे खण भरले. मग शिंप्याने बिचकत शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. ते किती दिवस तिथेच होतं. “हा तुझ्यासाठी घेतला होता. दुकानदार म्हणाला, चांगला आहे.”

पिवळाधमक, गलेलठ्ठ मासा. तिने ताणला तर रबरासारखा हातभर लांबला.

“हा ह्यांच्यातल्या कुणाबरोबरच नाही चालायचा. सगळ्यांना चिकटवून टाकेल.”

“बरं, बरं. राहू दे.” त्याने पाकीट परत खिशात घातलं, कप उचलला आणि उगाच विसळायला निघाला.

मागे काहीतरी खडखडलं. तिने कोपऱ्यातल्या खणातली गळाला बांधायची शिशाची वजनं मुठीत घेऊन आपल्या पिशवीत टाकली होती. आता ती ओढणीच्या टोकाने तो खण पुसत होती.

“कुठे चाललात? द्या इकडे.”

पिवळा मासा त्या खणात एकटा, शेपटी सरळ करून झोपला.

“आणि काका, चपला घाला. उशीर झाला तर तळ्यावरची चांगली जागा जाते.”

मासा इतका जाड होता की झाकण लागेना. एका बाजूने तिने दाबलं, दुसऱ्या बाजूने शिंप्याने, तेव्हा कुठे कडी बसली.