दोन दांड्यांची गाडी

मोतीबिंदूची पट्टी निघाल्या निघाल्या मास्तर थेट कपाटाकडे गेले. दक्षिण आफ्रिकेचं ते १८९२ सालचं सोन्याचं नाणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यावरच्या बैलगाडीला कारागिराने चुकून एकाऐवजी दोन दांड्या कोरल्या होत्या, म्हणूनच ते दुर्मिळ. जुन्या नाण्यांचा नाद मलाही त्यांनीच लावला.

त्यांनी नाणं कडेने धरलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. माझा हात खिशाकडे गेला.

"अरे, एकच दांडी आहे की रे!"

मी मान खाली घातली.

"म्हणजे घेतलं तेव्हाच डोळे दगा देत होते म्हणायचे. आणि मी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत सुटलो होतो!" ते हसले, मग त्यांचे डोळे भरून आले. "तुझी नजर तर घारीसारखी. तुला दिसलं असणारच. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून बोलला नाहीस ना?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या नकळत परत ठेवायला आणलेलं दोन दांड्यांचं नाणं मी खिशातल्या खिशात घट्ट आवळलं.

"हो, मास्तर," मी म्हणालो.