सहा धडधाकट पेशंट

"खरा बिमार एकही नको," धनराजभाऊंनी बजावलं. "मले लागण झाली तं याद राख!"

लच्छूने मान हलवली. जंगलातल्या आपल्या गावातून त्याने सहा जण पिकअपमध्ये भरून आणले होते, पुढाऱ्याच्या सभेला नेतात तसे. मोहफुलं वेचायचं टाकून आलेली माणसं. त्यात त्याची बायको रुखमाही होती.

विदेशी बँकेने करोनासाठी कर्ज दिलं ते जंगलातल्या गावांना ऑक्सिजन मिळावा म्हणून. पण लच्छूच्या गावाने भाऊंना मतं दिली नव्हती. भाऊंनी वर शब्द टाकला. यादीतून गावाचं नाव उडालं आणि मशीन आलं भाऊंच्या गावातल्या दवाखान्यात. तिथेही ते घरच्यांसाठी राखून कुलपात! इकडे लच्छूच्या गावात चार माणसं तडफडून गेली. तेव्हापासून भाऊंचं तोंड दिसलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज बँकेच्या निशा मॅडम तपासायला येणार होत्या. खाटा रिकाम्या दिसल्या तर पुढचं कर्ज थांबणार, म्हणून कुलूप निघालं.

"काम जमलं तं तुमचं गाव यादीत टाकतो," भाऊ म्हणाले.

"तुमचा शब्द माहीत आहे आमाले."

रुखमाला खाटेवर निजवून नाकाला नळी लावली. मशीन घरघरू लागलं. भाऊंनी वाकून पाहिलं.

"हिचे ओठ काऊन निळे?"

"जांभळं खाल्ली तिनं."

"वा! डोकं आहे लेका तुले."

मॅडम आल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत झाकून. रुखमाजवळ थांबल्या. "ओठ निळे पडलेत. ऑक्सिजन फारच कमी झालाय यांचा," म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

भाऊंनी लच्छूला डोळा मारला. मास्क हनुवटीखाली ओढून रुखमाच्या उशाशी फोटो काढून घेतला. "ही बरी होयेपर्यंत मशीन हलणार नाई, मॅडम!"

मॅडमची गाडी गेली.

"उठा रे, नाटक खतम!"

पाच जण उठले. रुखमा धापा टाकत पडून राहिली.

"हिचं सोंग सरूनच नाई राह्यलं," भाऊ हसले आणि नळी काढायला वाकले. ती त्यांच्या तोंडावरच खोकली.

लच्छूने त्यांचं मनगट धरलं.

"भाऊ, आता मोह पडून राह्यला. जांभळं पिकाले अजून दोन महिने आहेत."