उजवा कौल

डावी पाकळी आधी गळली, तर सगळंच संपलं. आरोहीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

वरळीच्या समुद्रासमोर बसलेलं ते काळ्या दगडाचं जुनं देऊळ. तिन्ही बाजूंनी टॉवर उठले, देवी काही जागची हलली नाही. कुशाबा गुरवांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक ओली पाकळी चिकटवली होती. आपण मनात प्रश्न धरायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मग तिथे वकील आणा नाहीतर डॉक्टर आणा, अपील नाही.

आरोहीचे सासरे, रमाकांत, सभामंडपात खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. चार पायऱ्या चढून आले त्याचीच धाप अजून ओसरली नव्हती. हृदयाच्या तिन्ही वाहिन्या जवळपास बंद. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आत्ता ऑपरेशन करा, पुढचा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही. घरात सगळ्यांचं हातापाया पडून झालं. आरोहीच्या नवऱ्याने, वरदने, जन्मात पहिल्यांदा बापावर आवाज चढवला. पण रमाकांत म्हणजे अस्सल मालवणी खोड! "आईनं उजवा दिला तर जाईन. नाहीतर सुरी लावून घेणार नाही." नोकरी धरली ती कौल लावून, लग्न ठरलं ते कौल लावून, लालबागची खोली सोडून फ्लॅट घेतला तोही कौल लावूनच. या छातीनं गावच्या देवळात नेणं शक्य नव्हतं, म्हणून इथे आणलं.

सासूबाई, नलू, आत यायलाच तयार नव्हत्या. "माझ्याच्यानं बघवणार नाही गो," म्हणून बाहेर पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसल्या.

तेवढ्यात नारळ आणायला कुशाबा बाहेर गेले. आरोहीने सासऱ्यांकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. समोर पंचामृताची तयारी मांडलेली, त्यात मधाची वाटी. म्हणजे आता एवढं सोन्यासारखं माणूस दोन पाकळ्यांवर सोडायचं? विषाची परीक्षा कोण घेणार! तिने बोट मधात बुडवलं, झटकन डावी पाकळी उचलली, खाली मध फासला आणि परत दाबून बसवली. ओढणीला बोट पुसत ती जागेवर येऊन बसली. छातीत असं धडधडत होतं, की सासऱ्यांऐवजी आपल्यालाच झटका येतो की काय असं तिला वाटलं. आई, माफ कर गं, मी नाइलाजाने केलं.

कुशाबा आले. त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. मग म्हणाले, "काका, आता मनात विचारा. मोठ्यानं नको."

रमाकांतांनी हात जोडले. ओठ किंचित हलले.

मग नुसती वाट पाहणं. समुद्रावरून वारा आला, समई फडफडली, पाकळ्या ढिम्म. आरोहीला डाव्या खांद्यावर एक मुंगी दिसली. मग तिच्यामागे दुसरी. गुरवांनी वर पाहिलं तर? मुंग्यांनी पाकळीच ओढून पाडली तर?

उजवी पाकळी सुटली आणि अलगद देवीच्या पायाशी पडली.

"उजवा! बाबा, आईनं उजवा दिला!" आरोही जवळजवळ ओरडलीच. तिला रडू फुटलं. कुशाबाही हसले आणि नारळ फोडायला बाहेरच्या दगडाकडे गेले.

रमाकांत खांबाला धरून सावकाश उठले. "चला. घरी जाऊया."

"घरी? बाबा, हॉस्पिटलात जायचंय ना? वरद तिथेच थांबलाय."

"कशाला? मी विचारलं, न कापता निभावेल ना? आईनं हो म्हटलं. आता कुणी मध्ये बोलायचं नाही."

स्वतःच्या हाताने आरोहीने काय करून ठेवलं होतं! आता गप्प बसली तर हा माणूस हातचा जाणार, आणि खरं बोलली तर जन्मभर नजरेतून उतरणार. तिने डोळे पुसले.

"बाबा, तो कौल खरा नाही. डाव्या पाकळीला मी मध लावला. काय बोलायचं ते मला बोला, पण घरी जायचं नाही."

रमाकांत रागावले नाहीत. चोरी पकडलेल्या पोरासारखे ते खाली बघत राहिले.

"पाहिलं मी," ते हळूच म्हणाले. "डोळे किलकिले होते माझे. डावी पडणार नाही हे कळलं, म्हणून तर प्रश्न उलटा घातला."

आरोहीने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"छाती फाडतात गो ती. टेबलावरच गेलो तर? घरात हे कुणाला सांगणार? म्हणून देवीला पुढे केलं. मला फार भीती वाटते, आरोही."

"मलापण वाटते, बाबा. पण तुम्ही घरी खुर्चीत बसल्या बसल्या जाल, याची जास्त वाटते."

बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला. रमाकांतांनी देवीकडे पाहिलं, दोन्ही कान धरले. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ते उंबऱ्यापर्यंत आले. पायरीवरच्या सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणाली आई?"

"उजवा दिला," रमाकांत म्हणाले. "टॅक्सी बोलाव. हॉस्पिटलात जा म्हणाली."