नावाडणीचा आवाज

एका कॉम्प्युटर गेममधल्या नावाडणीला एका प्रोग्रामरच्या बायकोने आवाज दिला होता, आणि चोरीच्या कॉपी रोखणारं त्या गेमचं कुलूप त्याने स्वतः लिहिलं होतं. पुढे घशाच्या कॅन्सरने आधी तिचा आवाज नेला, मग तिलाही.

"बाबा, आईचा आवाज आठवतच नाहीये हो," एके दिवशी लेक म्हणाली. त्याने कपाटातली अस्सल डिस्क काढली. पण कंपनी केव्हाच बुडाली होती; परवाना तपासणारा सर्व्हर बंद, त्यामुळे गेम उघडेचना.

"नेटवर कुलूप फोडलेली कॉपी आहे. घेऊ?"

गेमचोरांच्या नावाने जन्मभर बोटं मोडणाऱ्या त्या माणसाने खाली मान घालून "घे" म्हटलं.

गेम सुरू झाला. नदीकाठी नावाडीण वळली, तसा तो चरकला. चोरांसाठी त्याने आत आणखी एक सापळा ठेवला होता, आणि तो कुणालाच सापडला नव्हता. त्यासाठीचं एकच वाक्य त्याने बायकोकडून हौसेने बोलून घेतलं होतं.



"चोरून आलास ना? जा, आता तुझ्याशी जन्मात बोलणार नाही!"